अपंगत्व आणि शारीरिक हालचाल यांवरील प्रकल्पात संशोधन सहाय्यकाचे काम : स्वीकारावे का, आणि तयारी काय करावी?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील असून फिजिओथेरपीची पदवी घेतल्यानंतर गेली दोन वर्षे एका खासगी दवाखान्यात काम करीत आहे. नुकतीच मला एका संशोधन प्रकल्पात संशोधन सहाय्यक म्हणून रुजू होण्याविषयी विचारणा झाली आहे. १८ ते ६० या वयोगटातील, चालण्याफिरण्यात अडचण असलेल्या व्यक्ती दिवसभरात किती शारीरिक हालचाल करतात आणि ती वाढण्याच्या आड काय येते, हा प्रकल्पाचा विषय आहे. क्षेत्र म्हणजे दोन तालुक्यांतील गावे आणि एक शहर. घरोघरी जाऊन संमती घेणे, प्रश्नावली भरून घेणे, कमरेला बांधायचे हालचालमापक यंत्र सात दिवसांसाठी देऊन परत आणणे, आणि निवडक व्यक्तींच्या सविस्तर मुलाखती घेऊन त्या शब्दशः उतरवून काढणे, असे कामाचे स्वरूप सांगण्यात आले आहे. नेमणूक अकरा महिन्यांची, कंत्राटी आहे.

विषय मला मनापासून आवडलेला आहे, परंतु काही शंका आहेत. दवाखान्यात माणूस दुखणे घेऊन येतो आणि मी त्याला काहीतरी देऊ शकते. येथे मात्र मीच लोकांच्या दारात जाऊन त्यांचा तास-दीड तास घेणार आणि त्या बदल्यात देण्यासारखे माझ्या हाती काही नसणार, हे मला अवघड वाटते.

दुसरी शंका प्रश्नावलीविषयी आहे. मला नमुन्यादाखल दिलेली प्रश्नावली मी माझ्या ओळखीच्या एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांना विचारून पाहिली. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला आहे आणि ते हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवरून रोज दुकानात जातात. ‘आपण सलग किमान दहा मिनिटे पायी चालता किंवा सायकल चालवता का?’ या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले आणि मी तसेच लिहून घेतले. नंतर मात्र मन खात राहिले, कारण वाटेतला चढ ते रोज केवळ दंडांच्या बळावर चढतात. अशा वेळी काय नोंदवायचे असते?

घरच्यांचे म्हणणे आहे की दवाखान्यातील स्थिर काम सोडू नये. ज्यांनी अशा प्रकल्पांत काम केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : बालाघाट

ताई, मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मराठवाड्यात अशाच स्वरूपाच्या दोन प्रकल्पांत मिळून तीन वर्षे काम केले आहे. तुमचा प्रश्न वाचून प्रथम हे सांगावेसे वाटते की त्या शिंपीकाकांविषयी तुमचे मन खात राहिले, ते या कामासाठी अतिशय चांगले लक्षण आहे. तांत्रिक उत्तर कोणीतरी जाणकार देतीलच. मी क्षेत्रकामाविषयी लिहितो.

पहिले पाच-सहा आठवडे मोजमापात जात नाहीत, ते माणसे शोधण्यात जातात. ग्रामपंचायतीकडे स्वउत्पन्नातील पाच टक्के दिव्यांग निधीसाठी केलेली यादी असते, आशा ताईंना घरे माहीत असतात, आणि दिव्यांगांसाठीचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) काढलेल्यांची नावे वेगळी मिळतात. या तिन्ही याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि तिन्हींतही न सापडणारी माणसे असतातच. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे तोच यादीत येतो, आणि प्रमाणपत्र त्यालाच मिळते ज्याला जिल्हा रुग्णालयापर्यंत दोन-तीन खेपा करता आल्या. म्हणजे जो मुळातच थोडाफार बाहेर पडू शकतो, तो यादीत आधी दिसतो. हालचालीचा अभ्यास करताना ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे तुमच्या लक्षात येईल. सर्वांत कमी बाहेर पडणारी माणसे यादीच्याच बाहेर राहिली, तर तुमचा निष्कर्ष सुरुवातीपासूनच कललेला असेल.

यावर उपाय म्हणून घरोघरी विचारताना ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारू नका. वॉशिंग्टन गटाचे, म्हणजे अपंगत्वाच्या आकडेवारीसाठीच्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सहा प्रश्न तुम्हाला प्रशिक्षणात शिकवतील, आणि नाही शिकवले तर स्वतःहून वाचा. पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे किंवा चित्त एकाग्र करणे, स्वतःची निगा राखणे आणि संवाद साधणे, या सहा बाबतीत अडचण येते का आणि येत असल्यास किती, एवढेच त्यांत विचारलेले असते. अपंगत्व हा शब्द त्यांत कोठेही नाही, आणि ते हेतुपूर्वक आहे. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के व्यक्ती अपंग असल्याची नोंद झाली आणि महाराष्ट्रात ती संख्या साधारण २९.६ लाख होती. प्रश्न कसा विचारला यावर असे आकडे किती अवलंबून असतात, हे मी उंबरठ्यावर उभा राहून अनेकदा पाहिले आहे. ज्या घरात पहिल्या प्रश्नाला ‘आमच्यात तसं कुणी नाही’ असे उत्तर आले, त्याच घरात ‘पायऱ्या चढायला कोणाला अवघड जातं का?’ असे विचारताच आतल्या खोलीकडे बोट गेले.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. पहिल्या प्रकल्पात प्रश्नावलीच्या मराठी भाषांतरात ‘शारीरिक हालचाल’ऐवजी बहुतेक ठिकाणी ‘व्यायाम’ हा शब्द आला होता. मला तो खटकला नाही. एका घरी तिशीतल्या एका बाईंची प्रश्नावली मी भरून घेतली, म्हणजे खरे तर त्यांच्या सासूबाईंनी उत्तरे दिली आणि मी ती लिहिली. ‘ती कसला व्यायाम करते, ती तर बसूनच असते,’ असे सासूबाई म्हणाल्या आणि मी सर्व रकान्यांत शून्य भरले. यंत्र परत आणायला गेलो तेव्हा सकाळची वेळ होती. त्या बाई अंगणातल्या नळापासून घरातल्या हौदापर्यंत हातांवर जोर देऊन सरकत सरकत पाणी भरत होत्या, आणि पाच माणसांचे धुणे त्यांच्यापुढे पडलेले होते. मी प्रकल्पप्रमुखांना घडले तसे कळवले. त्यानंतर ‘व्यायाम’च्या जागी ‘अंगमेहनतीचे काम’, ‘घरातले कष्टाचे काम’ असे शब्द आले, आणि माझ्या भरलेल्या प्रश्नावल्यांपैकी १८ घरांत मला पुन्हा जावे लागले. चूक कबूल करण्याची लाज वाटली, परंतु ती दडवली असती तर त्या १८ जणांचा दिवस कायमचा खोटा नोंदला गेला असता.

त्यातून दोन गोष्टी शिकलो. एक, उत्तर ज्याचे त्यानेच द्यावे. ‘तिला काय विचारता, मी सांगतो की’ हे वाक्य तुम्ही दर दुसऱ्या घरी ऐकाल. घरच्यांना दुखावू नका; ‘तुम्हालाही शेवटी विचारणार आहे, आधी त्यांचं ऐकून घेते’ असे सांगून खाली, त्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. दोन, शक्य असेल तेथे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी जा. दुपारी दोनला सगळेच बसलेले दिसतात.

देण्यासारखे काही नसते, ही तुमची खंत मलाही होती. लोक तुम्हाला सरकारी माणूस समजतील आणि ‘नाव लागलं का?’ असे विचारतील. ‘हा अभ्यास आहे, यातून कोणतीही योजना मिळणार नाही आणि नकार दिल्याने कोणतीही बंद होणार नाही,’ हे वाक्य संमतीपत्र वाचण्याच्या आधी, साध्या बोलीत, दोनदा सांगा. आम्ही संजय गांधी निराधार अनुदान योजना, वैश्विक ओळखपत्र, रेल्वे व एसटीची सवलत यांची कागदपत्रे कोठे व कशी द्यायची, याचे एक पान तयार केले होते. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीला ते आधी दाखवले आणि भेटीच्या शेवटी सर्वांना सारखेच दिले. कोणाला द्यायचे व कोणाला नाही, हे आपल्या मनावर ठेवू नये. त्या एका पानामुळे मला त्या घरांतून उठताना जड वाटेनासे झाले.

उत्तर : चाकांवरून

मी पुण्यात राहतो. मणक्याच्या दुखापतीमुळे गेली १४ वर्षे व्हीलचेअर वापरतो. दोन अभ्यासांत सहभागी म्हणून माझी मोजमापे झाली आणि नंतर एका प्रकल्पात मीच मानधनावर मुलाखती घेतल्या, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

पहिल्या अभ्यासात माझ्या कमरेला यंत्र बांधले होते. त्या आठवड्यात मी रोज खुर्ची स्वतः ढकलत कामावर गेलो, एके दिवशी उड्डाणपुलाच्या बाजूचा लांब चढ चढलो, आणि घरी नेहमीप्रमाणे पलंगावरून खुर्चीत व खुर्चीतून कमोडवर अंग उचलून जागा बदलली. यंत्राने यातले जवळजवळ काहीच टिपले नाही, कारण माझी कंबर हलतच नाही. मला जे पत्रक मिळाले त्यात माझी गणना निष्क्रिय गटात होती आणि खाली ‘रोज चालण्याचा प्रयत्न करा’ असा छापील सल्ला होता. तो कागद मी बराच काळ जपून ठेवला होता. तुमच्या प्रकल्पात चाकाची खुर्ची किंवा तीनचाकी वापरणारे लोक असतील आणि यंत्र सर्वांच्या कमरेलाच बांधायचे ठरले असेल, तर रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी हा प्रश्न विचारा. शंका काढली म्हणून कोणी नोकरी काढून घेत नाही, आणि घेतली तर ती नोकरी सोडलेलीच बरी.

दुसरा विचारण्याचा प्रश्न कायद्याचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम ६ सांगते की कोणत्याही अपंग व्यक्तीवर संशोधन करायचे असेल तर तिची मुक्त व माहितीपूर्ण संमती तिला समजेल अशा, सुगम्य माध्यमातून घेतली पाहिजे. शिवाय अपंगत्वविषयक संशोधनासाठी नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या समितीतील निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग व्यक्ती किंवा नोंदणीकृत संघटनांचे सदस्य असावेत, असे त्यात म्हटले आहे. संस्थेच्या नेहमीच्या नैतिकता समितीची परवानगी बहुतेक सर्वांकडे असते. या दुसऱ्या अटीचे काय केले, ते विचारा. मी आजवर ज्यांना विचारले त्यांतील बहुतेकांनी ते कलम उघडून पाहिलेलेच नव्हते.

शब्दांविषयी थोडेसे. शासकीय कागदांवर ‘दिव्यांग’ आहे, २०२२ साली राज्यात स्थापन झालेल्या स्वतंत्र विभागाचे नावही दिव्यांग कल्याण विभाग असे आहे, आणि माझ्यासारख्या अनेकांना हा शब्द आवडत नाही, कारण माझ्या पायांत दिव्य असे काही नाही. मी स्वतःला अपंग म्हणतो. माझा एक मित्र त्याच शब्दाने दुखावतो. म्हणून समोरची व्यक्ती स्वतःसाठी कोणता शब्द वापरते ते आधी ऐका आणि तोच वापरा. खेडेगावात लोक आजाराचेच नाव सांगतील, ‘पायाला पोलिओ आहे’, ‘कंबरेतून गेलंय’. मुलाखत उतरवताना तेथे तुमचा सभ्य शब्द घालू नका, त्यांचेच राहू द्या.

कृपया लोकांना उदाहरणे देऊन हुरूप आणण्याचा प्रयत्न करू नका. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या आहात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. १९७२ साली हायडेलबर्गला जलतरणात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर तुमच्याच जिल्ह्यातले आणि २०२४ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवणारे सचिन खिलारीही तुमच्याच जिल्ह्यातले. दोघांविषयी मला अतोनात आदर आहे. परंतु ज्याच्या घराला तीन पायऱ्या आहेत आणि उतरण (रॅम्प) नाही, त्याला ‘बघा, ते करू शकले’ असे सांगितले की अडथळा पायऱ्यांत नसून त्याच्या मनात आहे, असा त्याचा अर्थ होतो. तुमच्या अभ्यासाचा अर्धा विषय अडथळे हाच आहे. दाराची रुंदी, उंबरठ्याची उंची, शौचालयापर्यंतची वाट, जवळचे मैदान कुलूपबंद असते की उघडे, हे सर्व मोजपट्टी घेऊन मोजा.

आणखी काही बारीक गोष्टी आहेत, ज्या कोणी लिहून देत नाही. मणक्याची दुखापत असलेल्या व्यक्तीला सकाळी नऊला येतो असे सांगू नका. शौचाची तयारी आणि आवरणे यांतच दोन तास जातात. चाचणीसाठी एखाद्या केंद्रावर बोलावणार असाल तर तेथे खुर्ची आत जाईल असे शौचालय आहे का, ते स्वतः जाऊन पाहा. नसेल तर बायका आदल्या रात्रीपासून पाणी पिणे बंद करतात, आणि मग तुम्ही मोजता ती दमलेली, कोरडी पडलेली व्यक्ती असते. न विचारता कोणाच्या खुर्चीला हात लावू नका. आणि अभ्यास संपल्यावर निकाल सांगायला परत या. माझ्या घरी आजवर मोजायला दोन गट आले, सांगायला एकही आला नाही.

उत्तर : नाडी आणि श्वास

मी व्यायामशास्त्रात पीएच.डी. करीत असून मोजमापाचीच कामे पाहतो, म्हणून मूळ प्रश्नातील शिंपीकाकांविषयी लिहितो.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ती प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची १६ प्रश्नांची जागतिक शारीरिक हालचाल प्रश्नावली असावी. काम, प्रवास, फावला वेळ आणि बसण्याचा एकूण वेळ अशी तिची रचना आहे. ती सर्वसाधारण लोकसंख्येच्या पाहणीसाठी तयार झालेली आहे, त्यामुळे हाताने चालवायची तीनचाकी तिच्या उदाहरणांत सापडत नाही. तरीही सहाय्यकाने घरी बसून स्वतःच्या मनाने प्रश्न बदलू नये, कारण मग तुमच्या आणि दुसऱ्या सहाय्यकाच्या उत्तरांची तुलनाच करता येणार नाही. योग्य मार्ग असा की उत्तर दिले तसे नोंदवावे, शेजारी टिपणात ‘हाताची तीनचाकी, रोज जाऊन-येऊन इतकी मिनिटे, चढ आहे, दम लागतो’ असे लिहावे, आणि त्याच संध्याकाळी प्रकल्पप्रमुखांना कळवावे. पूर्वचाचणी त्यासाठीच असते. तिच्या शेवटी संपूर्ण गटाने बसून ‘हाताने ढकलणे किंवा पेडल मारणे हे प्रवासात धरायचे’ असा लेखी नियम करावा आणि तो सर्वांनी सारखा पाळावा. अपंग व्यक्तींसाठीच तयार केलेली १३ प्रश्नांची एक वेगळी मापनश्रेणीही २००२ पासून वापरात आहे आणि तिच्यात खुर्ची ढकलणे, घरकाम, अंगणातील काम यांना जागा आहे. मात्र तिचे मराठी रूप वापरायचे तर भाषांतर, उलट भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत) आणि काही व्यक्तींसोबत शब्द तपासून पाहणे, एवढे सोपस्कार आवश्यक आहेत.

सलग दहा मिनिटांची अटही समजून घ्या. संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतून ती काढून टाकण्यात आली आहे. हालचाल कितीही थोडा वेळ झाली तरी ती जमेस धरावी, असे आता मानले जाते. त्याच सूचनांत प्रथमच अपंग व्यक्तींसाठी स्वतंत्र शिफारशी आल्या. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार हालचाल, आणि दोन किंवा अधिक दिवस स्नायूंचे बळ वाढवणारे व्यायाम, असे प्रमाण आहे. मणक्याच्या दुखापतीसाठी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सूचनांतील आकडे बरेच निराळे आहेत. तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून दोनदा २० मिनिटे मध्यम ते जोमदार श्रम आणि दोनदा बळवर्धक व्यायाम, तर हृदय व चयापचयाच्या आरोग्यासाठी आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे, असे त्यांत सांगितले आहे. तुमचा प्रकल्प कोणत्या मापाने ‘पुरेसे’ आणि ‘अपुरे’ ठरवणार आहे, हे विचारून घ्या. त्यावर अर्धा निष्कर्ष ठरतो.

श्रमाची तीव्रता मोजताना सामान्यतः विश्रांतीतील प्राणवायूचा वापर दर किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर धरतात. मणक्याच्या दुखापतीत तो सुमारे २.७ असल्याचे आढळले आहे, कारण लकवा झालेल्या भागात कार्यरत स्नायू कमी असतात. म्हणजे नेहमीचे तक्ते जसेच्या तसे वापरले तर हिशेब चुकतो. यंत्राबाबत ‘चाकांवरून’ यांनी लिहिले ते अगदी खरे आहे. खुर्ची वापरणाऱ्यांसाठी यंत्र मनगटावर बांधण्याची पद्धत आहे, मात्र तेव्हा हालचाल सौम्य, मध्यम की जोमदार हे ठरवणाऱ्या कमरेसाठीच्या सीमा वापरता येत नाहीत. बहुतेक अभ्यासांत दिवसाला किमान १० तास आणि आठवड्यात किमान चार दिवस यंत्र अंगावर असेल तरच ती नोंद ग्राह्य धरतात. म्हणून यंत्र कधी काढले व का काढले, याची छोटी दैनंदिनी द्या. लिहिता न येणाऱ्यांसाठी सूर्य, अंघोळ, झोप अशी चित्रे असलेली दैनंदिनी चांगली चालते.

सुरक्षिततेविषयी तुम्ही फिजिओथेरपिस्ट असल्याने थोडक्यात लिहितो. जेथे संवेदना नाही अशा त्वचेवर पट्ट्याचे बक्कल दाबून बसले तर त्या व्यक्तीला कळणार नाही आणि दाबाने जखम होईल. पट्टा कपड्यांवरून बांधा आणि पहिल्या दिवसाच्या शेवटी घरच्यांना किंवा स्वतः त्या व्यक्तीला आरशात त्वचा पाहण्यास सांगा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर दुखापत असेल, तर भरलेल्या मूत्राशयासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. डोके ठणकू लागणे, चेहरा लाल होऊन घाम फुटणे ही लक्षणे दिसताच चाचणी थांबवायची, व्यक्तीला ताठ बसवायचे, लघवीची नळी मुडपली आहे का ते पाहायचे आणि वैद्यकीय मदत बोलवायची. अशा व्यक्तींत नाडीच्या ठोक्यांवरून श्रम ठरवू नका, त्यांची कमाल नाडी मुळातच कमी असते. बोलताना दम लागतो का, किंवा ६ (अजिबात श्रम नाही) ते २० (कमाल श्रम) या श्रेणीवर त्यांना स्वतःला श्रम किती वाटतो, हे विचारा. दुखापतीच्या खालच्या भागाला घामही नीट येत नाही, म्हणून चैत्र-वैशाखातील दुपारी कोणतीही चाचणी ठेवू नये.

उत्तर : लेखणीवाली

मी एका प्रकल्पात दीड वर्ष सहाय्यक होते. केवळ नोकरीच्या बाजूने लिहिते, कारण घरच्यांना त्याचीच काळजी असणार.

रुजू होण्याआधी प्रवासखर्च कोणत्या दराने व किती दिवसांत मिळतो, अपघात विमा आहे का, आणि गावात जाताना सोबत दुसरी व्यक्ती असणार का, हे लेखी मागून घ्या. माझ्या वेळी प्रवासखर्च चार-चार महिने अडकत असे आणि तो मी माझ्या पगारातून आधी भरत असे. ही गोष्ट मुलाखतीतच विचारायला हवी होती. स्वतःचा दूरध्वनी क्रमांक सहभागींना देऊ नका, प्रकल्पाचे वेगळे सिम मागा. एका मुलाखतीच्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला शब्दशः उतरवायला मला पाच ते सहा तास लागत, आणि ज्यांचे उच्चार मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) अस्पष्ट होते त्यांच्या मुलाखतीला त्याहून कितीतरी अधिक. हा वेळ वेळापत्रकात धरलेला आहे का, ते पाहा. शोधनिबंधात सहाय्यकांची नावे लेखक म्हणून येणार की केवळ आभारात, हेही सुरुवातीलाच विचारण्यात काही गैर नाही. मला विचारण्याचा संकोच वाटला आणि माझे नाव कोठेच आले नाही.

हे सर्व असूनही मी ते काम केले याचा मला आनंद आहे. आज मी ज्या पदावर आहे, तेथे विदा (डेटा) हाताळणे, सांकेतिक पुस्तिका, म्हणजे कोणत्या उत्तराला कोणता संकेत याची यादी, तयार करणे आणि नैतिकता समितीचा अर्ज लिहिणे हेच कामी येते, आणि ते सर्व मी तेथेच शिकले.

प्रश्नकर्तीची पुरवणी : कृष्णाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी काल प्रकल्पप्रमुखांशी बोलले. खुर्ची व तीनचाकी वापरणाऱ्यांसाठी यंत्र मनगटावर बांधण्याविषयी त्यांनी स्वतःच विचार सुरू केला होता, आणि कलम ६ मधील समितीविषयी मात्र त्यांनी प्रामाणिकपणे माहिती काढून सांगतो असे म्हटले. मी होकार देण्याच्या विचारात आहे.

एक शेवटची शंका आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे हे कळल्यावर लोक मला दुखरा खांदा दाखवणारच. खुर्ची किंवा कुबड्या वापरणाऱ्यांत ते दुखणे किती असते, हे मी दवाखान्यात पाहते. अशा वेळी दोन साधे व्यायाम सांगितले तर अभ्यास बिघडेल का? आणि न सांगणे मला जमेल का?

उत्तर : नाडी आणि श्वास

सात दिवसांच्या मोजणीच्या आधी किंवा दरम्यान सांगितले तर निश्चित बिघडेल, कारण तुम्ही जे मोजायला आला आहात तेच तुमच्या सल्ल्याने बदलेल. यंत्र परत घेतल्यानंतर आणि मुलाखतही संपल्यानंतर काय करायचे, हे प्रकल्पाच्या आराखड्यात आधीच लिहून घ्या: कोणत्या रुग्णालयाकडे पाठवायचे, चिठ्ठी कोणाच्या सहीची, सर्वांना सारखीच माहिती. मात्र दाबाची उघडी जखम, ताप, लघवीतून रक्त, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, यांपैकी काही समोर आले तर मोजणीची पर्वा न करता त्याच दिवशी पुढे पाठवायचे. त्या व्यक्तीची नोंद अभ्यासातून गळाली तरी चालेल. हा नियम तुमच्या खिशात छापील स्वरूपात असू द्या, म्हणजे त्या उंबरठ्यावर एकटीने ठरवण्याची वेळ येणार नाही.

उत्तर : चाकांवरून

खांद्याविषयी एक गोष्ट तुमच्या टिपणवहीत राहू द्या. गावांत शिबिरांतून वाटलेल्या खुर्च्या बहुधा एकाच मापाच्या असतात. बारीक अंगाच्या बाईला रुंद खुर्ची मिळते, चाकापर्यंत हात पोहोचवण्यासाठी ती दोन्ही खांदे बाहेर फेकत ढकलते, आणि वर्ष-दोन वर्षांत खांदा जातो. मग ती खुर्ची कोपऱ्यात जाते आणि बाई जमिनीवर. प्रश्नावलीत ‘साधन आहे का?’ एवढेच विचारलेले असेल आणि ‘आहे’ असे उत्तर येईल. तुम्ही बसण्याच्या जागेची रुंदी आणि त्या व्यक्तीच्या कंबरेची रुंदी दोन्ही मोजा, चाकांत हवा आहे का पाहा, आणि खुर्ची शेवटची कधी बाहेर काढली होती ते विचारा. प्रकल्पप्रमुखांनी हे रकाने वाढवायला मान्यता दिली, तर येथे कळवा. आमच्या गटाने अशा नोंदींसाठी मराठीत एक पानी तक्ता तयार केलेला आहे, तो मी तुम्हाला पाठवू शकेन.